मासिरे बिगेच्या तुमानीतली वाळू

मासिरे बिगे कसा मेला हे आमच्या पेकाल गावात फक्त साम्बांना माहीत आहे, असं आम्ही साम्ब सांगतो. मी नोगाय साम्ब. माझा बाप न्जागा साम्ब, त्याचा बाप दाम साम्ब, आणि त्याच्या मागचे आणखी पाच जण मला नावानिशी सांगता येतात, पण सध्या राहू दे. सात पिढ्या आमचं काम एकच. गेय घराण्याने राज्य करायचं आणि ते कसं केलं हे आम्ही ढोल काखेत धरून चारचौघांत सांगायचं. त्यांचं राज्य गेलं, आमचं सांगणं चालू आहे.

मासिरे बिगे गेय हा बारा गावांचा राजा. गोरे येण्याच्या खूप आधीचा. त्याची गोष्ट पुरी सांगायला सकाळच्या चहापासून दुपारच्या जेवणापर्यंत वेळ लागतो, म्हणून थोडक्यात सांगते. दक्षिणेकडून घोडेस्वार चालून आले. मासिरेकडे माणसं कमी. तो विहिरीपाशी गेला, आपल्या ढगळ तुमानीचे पाय घोट्यापाशी बांधले आणि आत वाळू भरून घेतली, म्हणजे मनात आलं तरी पळता येऊ नये. मग खाली बसला आणि बसल्या जागी लढून मेला. संध्याकाळी त्याचा पांढरा घोडा त्याला पाठीवर घेऊन एकटाच गावात परतला.

हे घोड्याचं कडवं माझ्या बापाचं आवडतं. तिथे तो ढोल दुप्पट वेगाने वाजवायचा आणि गेयांच्या बायका रडत रडत डोक्यावरचे रुमाल काढून त्याच्या अंगावर फेकायच्या. मी बारा वर्षांची असताना त्याला एक प्रश्न विचारला होता. आमच्या कथनात मासिरेच्या भाल्याला नाव आहे, ‘पाहुण्याला विचारा’. नगाऱ्याला नाव आहे, ‘झोपू नका’. कुत्र्याचंसुद्धा नाव आहे, ‘मीपण’. मग घोड्याचं नाव काय? बापाने माझ्याकडे पाहिलं, ढोलाची दोरी घट्ट केली आणि म्हणाला, “जा, बकरीला पाणी दाखव.” बकरीला पाणी मी मघाशीच दाखवलं होतं.

बाप गेल्यावर बऱ्याच वर्षांनी पेकालला सरकारने माध्यमिक शाळा दिली. भिंती झाल्या, पत्रे आले, आणि शाळेला कुणा थोर स्थानिक व्यक्तीचं नाव सुचवावं असं पत्र आलं. गावाने अर्थातच मासिरे बिगेचं नाव सुचवलं. मग खात्री करायला राजधानीतून लो साहेब आले. चष्मा, चामड्याच्या पिशवीत टेप रेकॉर्डर, आणि बोलणं असं की प्रत्येक वाक्य आधी इस्त्री करून आणलंय.

मी त्यांच्या यंत्रापुढे बसून सगळं सांगितलं. वाळूपर्यंत आले तेव्हा त्यांनी बटण दाबून यंत्र थांबवलं.

“वाळू,” ते म्हणाले.

“हो. तुमानीत.”

“बाई, मी आजवर तेवीस राजे रेकॉर्ड केलेत. त्यातल्या एकोणीस जणांच्या तुमानीत वाळू आहे.”

“मग उरलेले चार पळाले असतील.”

साहेब हसले नाहीत. त्यांनी पिशवीतून एक जुनी वही काढली. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांपूर्वी एक गोरा अधिकारी या भागात फिरला होता, त्याच्या दुभाष्याने ती लिहिली होती. पान काढून त्यांनी वाचलं, “सेक, वय साठ, गावातील प्रतिष्ठित गृहस्थ, साक्ष विश्वासार्ह. याच्या सांगण्यानुसार मासिरे बिगे लढाईच्या सकाळी पोटभर जेवला आणि गाढवावरून गावी परत गेला.”

मला हसू फुटलं. एवढंच असेल तर काळजी नको, असं वाटलं.

“साहेब, सांगणारा सेक होता.”

“तसंच लिहिलंय.”

“अहो, सेक माणूस गेयांबद्दल दुसरं काय सांगणार?”

सेक आणि गेय या दोन घराण्यांत थट्टेचं नातं आहे. कधीपासून ते कुणी सांगू शकत नाही. सेकाने गेयाला खादाड म्हणायचं, गेयाने सेकाला गुलाम म्हणायचं, बारशात म्हणायचं, मयतीतही म्हणायचं, आणि रागवायचं कुणी नाही. जो रागावेल त्याची आई त्याला घरात घेणार नाही. साहेबांनाही हे माहीत होतं. त्यांच्या लो घराण्यालाही असे थट्टेचे सोयरे आहेत, कुणाला नाहीत?

“थट्टा मला कळते, बाई,” ते म्हणाले. “पण वहीत हसणं लिहिलेलं नाही.”

पुढच्या गुरुवारी समिती बसणार होती. गावाने आपलं म्हणणं मांडायचं, समितीने ऐकायचं. वही खरी ठरली तर शाळेला नुसता क्रमांक मिळणार, आणि साहेबांच्या अहवालात छापलं जाणार की पेकालच्या कथेकऱ्यांचं कथन विश्वासार्ह नाही. क्रमांकाचं मला काही नव्हतं. पोरं क्रमांकाच्या शाळेतही नापास होतातच. पण माझा बाप मरून अकरा वर्षं झाली होती आणि आता कुणीतरी त्याला छापून खोटारडा ठरवणार होतं. त्या रात्री मी जेवले नाही, हे सरळच सांगते.

दुसऱ्या दिवशी मी माजोर बाबाकडे गेले. माजोर गेय म्हणजे घराण्यातला सगळ्यांत वडीलधारा माणूस, पंच्याहत्तरीचा. बोलणं इतकं कमी की शेळ्यासुद्धा त्याच्यासमोर गप्प बसतात. मी वहीतलं सगळं सांगितलं. तो जपमाळ ओढत ऐकत राहिला. गाढवाचं आलं तेव्हा त्याची बोटं थांबली, मग पुन्हा चालू झाली.

“तू बघून घे, नोगाय,” तो म्हणाला.

एवढ्यात दुपारचं जेवण आलं, आणि जेवणाबरोबर बिराहीम सेक आला. तो रोज येतो. त्या वहीतला साठ वर्षांचा प्रतिष्ठित गृहस्थ हा त्याचा पणजोबा.

“काय रे खादाडा, उरलंय का काही?” बिराहीम काकाने टोपी काढून दारातूनच विचारलं.

“ये गुलामा. हाडं ठेवलीत,” माजोर बाबा म्हणाला.

“गेयांनी ठेवलेली हाडं म्हणजे चाटून स्वच्छ केलेली.” काका बसला, हात धुतला आणि ताटातलं चेरे मुठीत दाबून तोंडात टाकलं. चेरे म्हणजे बाजरीच्या पिठाच्या वाफवलेल्या बारीक कण्या, आमचं रोजचं अन्न. “छे. नेहमीसारखं दाताखाली कचकचतंय. तुमानीतून काढून वाढलंत ना?”

हे तो रोज म्हणतो. त्याचा बापही म्हणायचा. पेकालमधली सेकांची शेंबडी पोरंसुद्धा गेयांच्या पोरांमागे ‘तुमानीतलं चेरे’ म्हणून ओरडत धावतात. मी लक्षही दिलं नाही.

जेवण झाल्यावर मी काकाला बाजूला घेतलं. “काका, गुरुवारी समितीपुढे यायचं आणि सांगायचं की पणजोबांनी थट्टा केली होती.”

“येतो की.”

“गंभीरपणे सांगायचं.”

“म्हणजे?”

“म्हणजे न हसता. मासिरे बिगे शूर होता, पळाला नाही, एवढं म्हणायचं.”

काकाने टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. “पोरी, सत्तर वर्षं मी गेयांबद्दल एक चांगला शब्द काढला नाही. आता तोंडातून निघेल का?”

“प्रयत्न करून बघा.”

तो ताठ बसला, घसा खाकरला. “मासिरे बिगे गेय हा एक शूर...” त्याचं तोंड वाकडं झालं. “शूर खाणारा होता.”

बुधवारपर्यंत आम्ही रोज सराव केला. एकदा तो ‘शूर होता’ इथवर पोचला, पण लगेच त्याला ठसका लागला आणि पाणी पाजावं लागलं. त्याची बायको म्हणाली, म्हाताऱ्याला त्रास देऊ नकोस, त्याला रक्तदाब आहे.

गुरुवारी सकाळी कडुनिंबाखाली चटया पडल्या. समितीत तिघं जण, लो साहेब मधे, पुढ्यात स्टुलावर यंत्र. एका बाजूला गेय, दुसऱ्या बाजूला सेक, आणि जागा मिळेल तिथे बाकीचं गाव. माजोर बाबा खुर्चीवर जपमाळ घेऊन बसला होता.

बिराहीम काका उभा राहिला. त्याने पांढराशुभ्र झगा घातला होता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा माजोर बाबाकडे, आणि तिथेच घात झाला.

“साहेब, हे गेय लोक,” तो म्हणाला, “यांचा राजा इतका हावरट, इतका हावरट, की लढाईला जातानासुद्धा तुमानीत चेरे भरून गेला. आमच्या पणजोबाने खोटं कशाला सांगावं?”

सगळं गाव हसलं. गेय सगळ्यांत जास्त हसले. मी कपाळाला हात लावला.

साहेबांनी वहीचं पान उलटलं. “हो, हे पुढच्या पानावर आहे. मागच्या वेळी मी वाचलं नाही, महत्त्वाचं वाटलं नाही.” आणि त्यांनी त्याच इस्त्रीच्या आवाजात वाचलं, “साक्षीदार पुढे सांगतो, की राजाने वाटेत खायला तुमानीत चेरे भरून घेतलं होतं. तो इतका जड झाला होता, की त्याला उचलायला आठ माणसं लागली. खाली ठेवल्यावर तुमानीतून चेरे सांडलं. साक्षीदाराच्या आजोबांनी ते चाखलं, तर दाताखाली कचकचलं.”

लोक अजून हसत होते. मी मात्र कपाळावरचा हात काढला. हे वाक्य मी जन्मापासून रोज ऐकत आले आहे, पण कुणी कोऱ्या आवाजात वाचून दाखवलेलं कधी ऐकलं नव्हतं.

“काका,” मी विचारलं, “उचललं कुणी?”

“कुणाला?”

“मासिरेला. आठ माणसं कुठली?”

“आमचीच. सेकांची.” काका आता थट्टेच्या भरात नव्हता, सवयीने उत्तर देत होता. “गेयांचं मढं उचलायला सेकच लागतात. आजही आम्हीच उचलतो. त्याला अंघोळ आम्हीच घातली, पुरलाही आम्हीच.”

“आणि चेरेत दाताखाली कचकचतं ते काय असतं?”

कडुनिंबाखालचा आवाज हळूहळू कमी झाला. मागच्या रांगेत कुणीतरी हलकेच म्हणालं, “वाळू.” मग ते पुढच्या रांगेत आलं, आणि मग समितीतला जाडा गृहस्थ मान हलवत तेच म्हणाला.

लो साहेबांनी चष्मा काढून पुसला. माणूस हुशार होता, हे मी नाकारत नाही. “म्हणजे,” ते सावकाश म्हणाले, “वाळू दोन बाजूंनी सिद्ध होते. स्तुती करणाऱ्यांकडून आणि टिंगल करणाऱ्यांकडून. बाकीच्या एकोणीस राजांचं मी सांगू शकत नाही, पण याच्या तुमानीत खरोखर काहीतरी होतं.”

गेयांच्या बायकांनी आनंदाने आवाज काढले. मी खाली बसणार होते.

“एक राहिलं, बाई,” साहेब म्हणाले. “टिंगलीतली वाळू खरी धरली, तर टिंगलीतल्या गाढवाचं काय करायचं? वहीत गाढव आहे. तुमच्या कथनात पांढरा घोडा आहे. दोन्ही कशी खरी असतील? घोड्याबद्दल तुमच्याकडे आणखी काही आहे? रंग, वंश, नाव?”

यंत्राची चाकं फिरत होती. सगळे गेय माझ्याकडे बघत होते. नाव तर मी तिथल्या तिथे करू शकले असते. ‘वारा मागे राहिला’, ‘मला धरू नका’, अशी दहा नावं जिभेवर आली. आमचा धंदाच तो आहे, कुणाला कळलंही नसतं. पण मला बाप दिसला, ढोलाची दोरी घट्ट करताना. त्याने घोड्याला नाव का दिलं नाही, हे मला तेव्हा कळलं. एवढा मोठा घोडा तो सांगायचा, पण त्याला खोटं नाव घालायला त्याचाही हात धजला नव्हता.

“नाव नाही,” मी म्हणाले. “भाल्याला आहे, नगाऱ्याला आहे, कुत्र्याला आहे. घोड्याला नाही, कारण घोडा नव्हता. घोडा आम्ही साम्बांनी घातला. कधी घातला ते ठाऊक नाही. गाढव असेल.”

एवढं बोलून मी ढोल उचलला आणि घरी गेले. कुणी थांबवलं नाही. बायकांपैकी एकीने तोंड फिरवलं, ते मी पाहिलं. घरी जाऊन बापाची टोपी खुंटीवरून काढली, मांडीवर घेतली, आणि रडले.

दोन महिन्यांनी पत्र आलं. शाळेला मासिरे बिगेचं नाव मंजूर झालं. अहवालात माझ्याबद्दल लिहिलं होतं, की साक्ष विश्वासार्ह. गाढवाबद्दल लिहिलं होतं, की ‘दोन स्वतंत्र स्रोतांतून पुष्टी’. शाळेच्या भिंतीवर चित्र काढायला जिल्ह्यातून पेंटर आला. त्याने आयुष्यभर राजे घोड्यावरच काढले होते. त्याने घोडाच काढला आणि मुख्याध्यापकांनी अहवाल दाखवल्यावर त्याचे कान लांब केले.

गेयांच्या घरी तोवर दोन लग्नं झाली. मला बोलावलं नाही. दुसऱ्या गावचा कथेकरी आणला, त्याला म्हणे मासिरेचा बापही धड सांगता आला नाही. मी आपल्या ढोलावर कापड टाकून ठेवलं.

मग माजोर बाबाला पणतू झाला, आणि बारशाच्या सकाळी त्याची सून स्वतः माझ्या दारात आली. “बाबांनी बोलावलंय. ढोल घेऊन या.”

अंगणात दही घातलेल्या बाजरीच्या लापशीची मोठी घमेली मांडली होती. पोराचं नाव मासिरे ठेवलं होतं. मी त्याच्या कानाशी नाव पुकारलं, मग उभी राहून वंशावळ सुरू केली. विहीर आली, वाळू आली. पुढच्या कडव्यापाशी माझा हात ढोलावर थांबला. कुणीही रुमाल काढायच्या तयारीत नव्हतं.

मी म्हणाले, “संध्याकाळी गाढव त्याला पाठीवर घेऊन परतलं.” ढोल साधाच वाजवला.

माजोर बाबाने जपमाळ खिशात ठेवली.

“आम्हाला ठाऊक होतं,” तो म्हणाला. “घोडा नव्हता हे माझी आजी सांगायची. सगळ्या गेयांना त्यांच्या आज्या सांगतात.”

“मग कधी बोलला का नाहीत, बाबा? सात पिढ्या आम्ही...”

“तुझ्या बापाला घोडा फार आवडायचा. कडवं आलं की त्याचा चेहरा बघायचो मी. कोण सांगणार त्याला?” त्याने घोटभर पाणी घेतलं. एका दमात एवढं बोलायची त्याला सवय नव्हती. “त्या दिवशी तू चारचौघांत कबूल केलंस, तेव्हा आमची बायामाणसं चिडली. म्हणाली, हिने आपल्या बापाला उघडं पाडलं. मी म्हटलं, चिडा थोडे दिवस. पण गाढवही बरोबर नाही, नोगाय.”

“म्हणजे?”

“आजी गाढवच म्हणायची. पण म्हणायची, त्या गाढवाला सोळा पाय होते आणि सोळाही सेकांचे.”

मी मनात हिशोब केला. आठ माणसं. त्या विहिरीपासून पेकालपर्यंत आजही उंटाला अर्धा दिवस लागतो. त्यांनी त्याला वाळूसकट खांद्यावर आणलं होतं, बांधलेली तुमान वाटेत कुणी सोडली नव्हती. आणि घरी पोचल्यावर गेयांनी त्यांना गाढव म्हटलं असणार. दुसरं काय म्हणणार? मग ते गाढव थट्टेतून थट्टेत फिरत कधी सेकांच्या तोंडी गेलं, तिथून वहीत कसं शिरलं, हे आता कुणाला सांगता येईल? माजोर बाबाची आजी तरी थट्टा करत नव्हती कशावरून? मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो हसत नव्हता. पण तो कधीच हसत नाही.

सगळे बिराहीम काकाकडे वळले. तो घमेल्यापाशी बसला होता, लापशीने भरलेला हात तोंडाजवळ नेऊन थांबलेला. गेयांनी सेकांना भर बारशात गाढव म्हटलं होतं आणि त्याच्याकडून उत्तर आलं नाही. सत्तर वर्षांत असं झालं नव्हतं. त्याने हात खाली घेतला, टोपीने डोळे पुसले, आणि पाळण्याकडे बघत म्हणाला,

“फार जड होता हो तुमचा माणूस.”